कृमी वाढतो, म्हणून गुडघा वाढेल?

"ध्वनिलहरींनी गुडघ्याची झिजलेली गादी पुन्हा तयार होते," असा व्हिडिओ तुम्हालाही आला असेल. पुरावा काय, तर प्लॅनेरिया हा चपटा कृमी!

प्लॅनेरियाच्या छोट्या तुकड्यापासूनही अख्खा कृमी तयार होतो, हे खरे आहे. पण त्यासाठी त्याला कोणताही आवाज लागत नाही. त्याच्या शरीरभर मूळ पेशी पसरलेल्या असतात, त्या हे काम करतात. क्ष-किरणांनी त्या नष्ट केल्या की ही किमया संपते. तुमच्या गुडघ्यात असा साठा नसतो.

आता माणसांचे पाहू. २०१६ साली नडगीचे हाड मोडलेल्या ५०१ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना खरे अल्ट्रासाऊंड यंत्र दिले, काहींना तसेच दिसणारे खोटे. हाड जुळण्यात फरक पडला नाही. हाड तर आपोआप जुळणारे. तिथे ही गत, मग गादीचे काय सांगावे?

म्हणून पैसे भरण्याआधी विचारा, "माणसांवरचा पुरावा दाखवा." तोवर वजन आटोक्यात ठेवा, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करा. गुडघेदुखीत त्यांचा उपयोग माणसांवर सिद्ध झाला आहे.