जुन्या ॲम्प्लिफायरची सोयरीक

संगीताची गोडी लागलेल्या मुलास उत्तम यंत्रें हवीं असतात, व पालकांची मिळकत बहुधा बेताची असते. अशा वेळीं जुना ॲम्प्लिफायर विकत घेणें आम्हांस मुळींच कमीपणाचें वाटत नाहीं. मात्र वॅटांच्या आंकड्यास बाजारांत जो मान मिळतो, तो अनाठायीं होय. शक्ति दुप्पट केली असतां आवाज अवघा ३ डेसिबेलांनीं वाढतो. म्हणजे एका वॅटास ८७ डेसिबेल देणाऱ्या स्पीकरास जेथें ४० वॅट लागतात, तेथें ९० डेसिबेलांच्या स्पीकरास २० पुरतात. १९७८ सालीं निघालेला एनएडी ३०२० कागदोपत्रीं २० वॅटांचाच. तरी त्याचा लौकिक अद्याप टिकून आहे.

यास्तव अधिक पैसा स्पीकरांवर खर्चावा. परंतु त्यांचा रोध आधीं पाहावा. ८ ओहमांसाठीं बांधलेल्या यंत्रास ४ ओहमांचा स्पीकर जोडल्यास, त्याच आवाजपट्टीवर दुप्पट प्रवाह पुरवावा लागून तें तापतें, प्रसंगीं जळतेंहि. उलटपक्षीं, दुर्बळ यंत्राचा कान फार पिळला, तर ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि बिचारा नाजूक ट्वीटर बळी पडतो!

विकणारा ‘चालू आहे’ म्हणतो, तेवढ्यावर विसंबूं नये. आंतील कपॅसिटर कालांतरानें सुकतात. स्पीकर जोडण्यापूर्वीं, गाणें न लावतां, मल्टिमीटरनें स्पीकरच्या खुंट्यांवरील एकदिश दाब मुलानें स्वतः मोजावा; वडिलांनीं शेजारीं उभें राहावें. तो १०० मिलिव्होल्टांच्या वर गेल्यास दुरुस्तीचा खर्च किंमतींतून वजा करवून घ्यावा, नाहीं तर सौदा सोडावा.