नेम आणि नजर

द्रोणाचार्यांनी शिष्यांच्या घेतलेल्या परीक्षेची कथा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. अर्जुनाला पक्ष्याच्या डोळ्याखेरीज काहीच दिसत नव्हते, म्हणून त्याचा नेम चुकला नाही, हे तिचे तात्पर्य. एकाग्रतेचा पाठ म्हणून ते यथार्थच आहे. परंतु त्यावरून नेमबाजी हे गरुडाच्या नजरेचे काम, चष्मेवाल्याचे नव्हे, असा समज मात्र रूढ झाला आहे. बंदुकीचे शास्त्र निराळेच सांगते.

निपाणीहून सुमारे ४० किलोमीटरांवरच्या कोल्हापूरने तेजस्विनी सावंत व राही सरनोबत यांच्यासारख्या नेमबाज देशाला दिल्या. त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. १९५२ साली खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळविलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे असते. ५० मीटरांवरून ते नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसतच नाही. दिसतो तो भोवतालचा काळा गोल. मग नेम लागतो कसा? नेमबाजापुढे तीन गोष्टी असतात: डोळ्याजवळचे बारीक छिद्र, नळीच्या टोकाची माशी आणि दूरचे लक्ष्य. मानवी डोळा मात्र एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. म्हणून नजर माशीवर ठेवावी, लक्ष्य किंचित पुसट दिसले तरी चालेल, असे शिकविले जाते. छिद्र व माशी यांच्यात पाऊण मीटर अंतर धरले, तर तेथील एका मिलिमीटरची चूक ५० मीटरांवर साडेसहा सेंटिमीटरांहून अधिक होते! शिवाय फार वेळ टक लावली की डोळा थकतो आणि चित्र फसवे होते. तेव्हा जाणता नेमबाज बंदूक खाली घेऊन पुन्हा नव्याने नेम धरतो.

चाळिशी लागली की जवळची माशी अंधुक होते आणि लघुदृष्टी असली की लांबचे लक्ष्य. दोन्हींवर योग्य भिंगाचा उपाय आहे आणि चष्म्याला या खेळात मज्जाव नाही. धनुर्विद्येत तर कोरियाच्या इम डोंग-ह्यून यांनी दृष्टी बरीच अधू असतानाही २०१२ साली लंडनला ७२० पैकी ६९९ गुणांचा विश्वविक्रम केला.

वाचकहो, हे सारे सांगण्याचे प्रयोजन बंदुकीपुरते नाही. बेळगाव-निपाणीकडील आमच्या शाळांतून फळ्यावरचे न दिसणारे मूल आजही ‘मठ्ठ’ ठरते. आपल्याला कमी दिसते हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसते, कारण जग असेच दिसते अशी त्याची समजूत असते. मुलीला चष्मा लागला, तर पुढे लग्नाला अडचण येईल म्हणून तो टाळणारे पालकही आढळतात. अशा मुलांची पुस्तके सुटतात, खेळ सुटतात आणि शेवटी उमेदही सुटते.

मूल डोळे बारीक करून पाहत असेल, वही नाकाशी धरीत असेल, झेल वारंवार सोडीत असेल, तर रागे भरण्यापूर्वी त्याचे डोळे तपासून घ्यावेत. चष्मा लागलाच, तर त्याला मैदानावर पाठवावे, घरी बसवू नये. नेमबाज होणे न होणे पुढची गोष्ट. निदान समोरचा फळा तरी त्याला स्वच्छ दिसला पाहिजे.