विश्लेषण : मत्स्यालयाचे तिकीट काढावे की तलावाच्या पाळीवर जावे? भंडाऱ्यातील कुटुंबांसाठी हिशेब काय?

शाळांना सुट्ट्या लागल्या की मोबाइलवर काचेच्या बोगद्यातले रील्स फिरू लागतात. डोक्यावरून मासा जातो, खाली लहान मूल आ वासून बघते. घरातल्या मुलांनीही तोच हट्ट धरला की पालकांपुढे प्रश्न येतो, एवढा खर्च करून जाण्यासारखे तिथे आहे का? तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मासे पाहण्यासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागते की आधी जिल्ह्यातलेच पाहायचे राहून गेले आहेत? तिकिटाचा खर्च, टाक्यांची अवस्था आणि मुलांच्या हाती काय लागते, याचा हा आढावा.

भंडाऱ्याहून पर्याय कोणते?

जिल्ह्यात मोठे सार्वजनिक मत्स्यालय नाही. राज्यातले सर्वांत परिचित नाव मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालयाचे. मरीन ड्राइव्हवर 1951 मध्ये सुरू झालेल्या या मत्स्यालयाचे 2015 मध्ये नूतनीकरण झाले, तेव्हा त्यात काचेसारख्या पारदर्शक अॅक्रिलिकचा छोटा बोगदाही आला. मात्र कोविडकाळात ते बंद झाले आणि पुढे इमारत धोकादायक ठरली. त्यामुळे जुन्या पर्यटन पानांवर वेळा आणि तिकीटदर दिसले, तरी त्या भरवशावर भंडारा रोडहून विदर्भ एक्स्प्रेसचे आरक्षण करू नये.

रत्नागिरीत झाडगाव येथे कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय व संग्रहालय आहे. तिथला देवमाशाचा अवाढव्य सांगाडा मुलांच्या लक्षात राहतो. पण कोकणची सहल ठरली असेल, तरच हे ठिकाण वाटेत येते. देशातील मोठ्या मत्स्यालयांत अहमदाबादच्या सायन्स सिटीतील दालनाची गणना होते. जुलै 2021 मध्ये खुल्या झालेल्या या दालनावर सुमारे 260 कोटी रुपये खर्च झाले. तिथे 68 टाक्या असून शार्कसाठी 28 मीटरचा बोगदा आहे. भंडाऱ्याहून तो काही दिवसांचा दौरा ठरतो.

उरतो तो चौथा पर्याय, आणि बहुतेक कुटुंबांसमोर खरा प्रश्न त्याचाच असतो. तो म्हणजे आकाशपाळणे, खाऊच्या गाड्या आणि सेल यांच्यासोबत मैदानावर महिना-दीड महिन्यासाठी उभे राहणारे ‘अंडरवॉटर टनेल’ प्रदर्शन.

फिरत्या बोगद्यात नेमके काय दिसते?

जाहिरातीत शार्क आणि प्रवाळ असले, तरी अशा प्रदर्शनांत बहुधा गोड्या पाण्यातले मासे असतात. गोल्डफिश, कोई, पॅरट फिश यांच्यासोबत अॅमेझॉन नदीतला अरापैमा किंवा उत्तर अमेरिकेतला अॅलिगेटर गार असे एखाद-दुसरे मोठे आकर्षण असते.

याचे कारण साध्या गणितात आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. समुद्रापासून दूरच्या गावात एक लाख लिटरची सागरी टाकी भरायची, तर साडेतीन टन मीठ लागेल. तेही साधे नव्हे, समुद्री क्षारांचे खास मिश्रण. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे पाणी थंड ठेवण्याचा विजेचा खर्च वेगळाच. महिन्याभरात मुक्काम हलवणाऱ्या प्रदर्शनाला हे परवडत नाही.

बोगद्याबाहेर सपाट काचेच्या टाक्याही असतात. त्यातला मासा प्रत्यक्षापेक्षा मोठा भासतो. प्रकाशकिरण पाण्यातून हवेत येताना वाकतात, त्यामुळे समोरचा मासा खऱ्या अंतराच्या सुमारे तीन चतुर्थांश अंतरावर असल्यासारखा दिसतो. हे ठाऊक असेल, तर कॅमेऱ्याने आणखी फुगवलेल्या रीलवरून माशाच्या आकाराचा अंदाज बांधण्याची चूक होत नाही.

खर्चाचा हिशेब कसा मांडावा?

केवळ तिकिटाकडे पाहून फसगत होते. तिकीट, प्रवास आणि खाणे यांची बेरीज करून तिला प्रत्यक्ष मासे पाहण्याच्या मिनिटांनी भागावे. समजा, भंडाऱ्यातले चौघांचे कुटुंब गाडीने नागपूरला गेले. जाऊन-येऊन अंतर सुमारे 130 किलोमीटर. इंधन 900 रुपये, प्रत्येकी 150 प्रमाणे तिकिटे 600 रुपये आणि खाणे 700 रुपये धरले, तर एकूण 2,200 रुपये होतात. छोटे प्रदर्शन अर्ध्या तासात पाहून होते. म्हणजे मिनिटाला सुमारे 73 रुपये.

त्याच दिवशी रमण विज्ञान केंद्र आणि महाराजबाग असे चार तास जोडले आणि त्यासाठी आणखी 500 रुपये धरले, तर 2,700 रुपयांत 270 मिनिटे मिळतात. मिनिटाला दहा रुपये. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपल्या घरचे घालून पाहता येतात. निष्कर्ष मात्र फारसा बदलत नाही. छोट्या मत्स्यालयासाठी स्वतंत्र प्रवास महाग पडतो, इतर कामाला किंवा सहलीला जोडले तर ते परवडते.

आणखी एक खर्च बाहेर पडताना होतो. दाराशीच बाऊल आणि गोल्डफिश विकायला असतात. छोट्या काचेच्या बाऊलमध्ये गोल्डफिश फार दिवस तग धरत नाही, त्यामुळे ही खरेदी सहसा मुलांच्या रडण्यात संपते.

टाक्यांची अवस्था कशी ओळखावी?

मासे कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात आणि तो त्यांच्यासाठीच विषारी असतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने कमी घातक नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मैदानावरचे प्रदर्शन काही दिवसांत उभे राहते, हाच त्याचा कच्चा दुवा. अनुभवी चालक आधीपासून वापरातले फिल्टर सोबत आणतात, सगळेच तसे करत नाहीत.

उन्हाळ्यात भर पडते ती उष्णतेची. 20 अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. 35 अंशांना हे प्रमाण 7 मिलिग्रॅमपर्यंत उतरते. त्यात वीज गेली आणि पंप थांबला, तर गर्दीच्या टाकीत मासे लवकर गुदमरतात.

म्हणून पहिल्याच टाकीपाशी थोडे थांबून पाहावे. पाणी दुधाळ किंवा हिरवट आहे का? मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत आहेत का? पर झडलेले, अंगावर पांढरे ठिपके किंवा कापसासारखी बुरशी दिसते का? मोठा मासा सरळ वळूही शकणार नाही इतकी टाकी अरुंद आहे का? मुले काचेवर थापा मारत असताना त्यांना कुणी अडवते का? यातल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरे वाईट असतील, तर नातेवाइकांना त्या प्रदर्शनाची शिफारस करू नये. जाण्याआधी नकाशाच्या अॅपवरील मालकाने टाकलेली छायाचित्रे सोडून अलीकडे जाऊन आलेल्यांनी टाकलेली पाहावीत. जनरेटरची सोय आणि बोगद्याच्या दोन्ही टोकांना मोकळी वाट आहे का, याचीही विचारणा करावी.

मुलांच्या हाती काय लागते?

तीन-चार वर्षांच्या मुलाला रंग आणि हालचाल पुरेशी असते. त्याच्यासाठी अर्धा तास बरोबर आहे. सात-आठ वर्षांपासून पुढे मुले ‘हा काय खातो, कुठे राहतो’ असे विचारू लागतात. टाकीवर माशाचे नाव, मूळ प्रदेश आणि खाद्य मराठीत लिहिलेले नसेल, तर उत्तर द्यायला कुणी नसते आणि मूल पुढच्या टाकीकडे पळते. त्या वयाच्या मुलांसाठी फलक आणि माहिती देणारा माणूस बोगद्याच्या लांबीपेक्षा महत्त्वाचा.

तलावांच्या जिल्ह्यात मासे कुठे पाहायचे?

पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने त्यांतले बरेच बांधले. भंडारा आणि 1999 मध्ये वेगळा झालेला गोंदिया, हे दोन्ही जिल्हे त्यांच्या पाण्यावर धान पिकवत आले. याच तलावांवर ढीवर समाजाची मासेमारी चालते आणि अनेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात.

संस्थेच्या परवानगीने जाळे ओढण्याच्या दिवशी पाळीवर गेले, तर तिकिटाशिवाय मोठा धडा मिळतो. कटला, रोहू आणि मृगळ हे तिघे एकाच तलावात सोडतात, कारण त्यांची खाण्याची जागा वेगळी. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात, तर खाली तोंड असलेला मृगळ तळाशी चरतो. साचलेल्या पाण्यात ते सहसा प्रजनन करत नाहीत, म्हणून दरवर्षी बोटुकली आणून सोडावी लागते. मरळ मात्र तलावातच अंडी घालते, पिलांची राखण करते आणि हवेतूनही श्वास घेते. म्हणूनच बाजारात ती टोपल्यात बराच वेळ जिवंत दिसते. जाळ्याचा दिवस साधला नाही, तर सकाळी मासळी बाजारात मुलांना या माशांची तोंडे शेजारी-शेजारी दाखवता येतात.

पण याला मर्यादाही आहेत. तलावाचे पाणी गढूळ असते, पाण्याखालचा मासा पोहताना दिसत नाही. ते फक्त काचेपलीकडेच दिसते आणि मत्स्यालयाचा खरा उपयोग तिथेच आहे. शिवाय पाळीवर लहान मुलाचा हात सोडता येत नाही, पावसाळ्यात तर जाऊच नये.

चांगले मत्स्यालय कशाला म्हणायचे?

अमेरिकेतील माँटेरे बे मत्स्यालय 1984 मध्ये सुरू झाले, ते समोरच्याच उपसागरातले जग दाखवण्यासाठी. 1992 मध्ये उघडलेल्या टेनेसी मत्स्यालयात डोंगरातल्या ओढ्यापासून समुद्रापर्यंत नदीचा प्रवास मांडला आहे. पाहुणा बाहेर पडतो तेव्हा तीच नदी शेजारून वाहत असते. दोन्ही ठिकाणे आपल्या परिसरामुळे नावारूपाला आली.

भंडाऱ्यासाठी ही बाब दूरची नाही. पवनी तालुक्यात वैनगंगेवर 33 दरवाजांचे गोसीखुर्द धरण आहे आणि तिथल्या जलपर्यटन प्रकल्पाचे 2024 मध्ये भूमिपूजन झाले. त्याच जलाशयात नागपूरचे सांडपाणी नाग आणि कन्हान नद्यांवाटे पोहोचते, अशी तक्रार नदीकाठची गावे वर्षानुवर्षे करत आहेत. पर्यटक वाढवायचे ठरलेच आहे, तर वैनगंगेतले मासे, ढीवरांची जाळी आणि पाण्याची रोजची तपासणी दाखवणारे छोटे दालनही विदेशी माशांच्या बोगद्याहून अधिक काम करील. त्यासाठी समुद्री मीठ लागणार नाही.

मग जावे की नाही?

नागपूरला काम आहे, मुले लहान आहेत आणि पाणी स्वच्छ असल्याची खातरजमा झाली आहे, तर फिरते प्रदर्शन पाहायला हरकत नाही. केवळ त्यासाठी दिवस आणि दोन-अडीच हजार रुपये घालवणे मात्र घाट्याचे. अहमदाबादसारखे मोठे दालन त्या शहराच्या सहलीचा एक भाग म्हणून जरूर पाहावे. जाण्याआधी सुरू असल्याची फोनवर खात्री करावी. मुले सात वर्षांहून मोठी असतील, तर आधी तलाव किंवा मासळी बाजार दाखवावा. कटल्याचे तोंड वर का, हे कळलेले मूल टाकीपुढे अधिक वेळ थांबते.

घरी आणलेला मासा नकोसा झाला, तर तो तलावात सोडू नये. मे 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अॅलिगेटर गार सापडला होता. शोभेच्या टाकीतला सकर मासाही देशातल्या अनेक नद्या-तलावांत पसरला आहे. असा मासा वाढला, तर फटका बसतो तो त्याच पाण्यावर पोट असलेल्या ढीवर कुटुंबांना. नकोसा मासा विक्रेत्याला परत द्यावा किंवा तो सांभाळू शकणाऱ्या ओळखीच्या घरी द्यावा.