कोंब आलेला कांदा फेकू नका

राजूरच्या मायबहिणींना आणि कोळशाच्या खाणीतली पाळी करून घरी येणाऱ्या भावांना एक विनंती आहे. टोपलीतल्या कांद्याला कोंब फुटला की तो उकिरड्यावर टाकू नका, लावा. सांदवाडीत हातभर जागा पुरते. तीही नसेल तर फुटकं घमेलं किंवा तेलाचा डबा घ्या आणि बुडाला भोकं पाडा. कांदा मातीत अर्धा दाबून कोंब वर ठेवला की तीन-चार आठवड्यांत पात कापायला येते.

आपली काळी माती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. कांद्याची मुळं बहुतेक वरच्या वीतभर मातीतच असतात, म्हणून पाणी साचलं की कांदा सडतो आणि वरचा थर सुकला की पात मलूल होते. वाफा चार बोटं उंच करा, त्यात चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा आणि पाणी थोडं थोडं, पण नेमानं द्या.

आता खास आपल्या गावासाठी. लाकडाची राख चिमूटभर टाकायची जुनी सवय असते, पण शेगडीतली दगडी कोळशाची राख भाजीच्या वाफ्यात अजिबात टाकू नका. तिच्यात शिसं, आर्सेनिक यांसारखी विषारी द्रव्यं असू शकतात. चुनाभट्टीवरचा चुनाही नको. काळ्या मातीत मुळातच चुना जास्त असतो. आणखी पडला तर झाडाला लोह मिळत नाही आणि कोवळी पात फिकट पिवळी पडते. मग युरिया ओतून ती हिरवी होत नाही. या दोन गोष्टी पाळल्या तरी निम्मं काम झालं असं मी मानतो.

बियाण्यापासून लावणार असाल तर पावसाळा सरल्यावर पेरा, आणि बी ताजंच घ्या. कांद्याचं बी वर्षभरातच जोर गमावतं. अशी पात यायला दोन-अडीच महिने लागतात.

पात वीतभर झाली की सकाळी कापा. कांदा उपटू नका. मातीपासून दोन बोटं सोडून विळ्यानं छाटलं की मधून नवी पात फुटते. जुन्या कांद्याला थंडीत डेंगळा येतो. तो कोवळा असतानाच खुडा, झुणक्यात चांगला लागतो. निबर झाला की खाण्याजोगा राहत नाही.

ट्रकच्या रस्त्यालगत घर असेल तर पातीवर काळी धूळ बसते. पात उकलून आतल्या बेचक्यापर्यंत धुवा. फुलकिडेही तिथंच लपतात. बाजारातून जुडी आणली असेल तर मुळांसकट बोटभर बुडखा ठेवून तोही मातीत खोचा. तोही फुटतो.