सैतानाचा कब्जा, मालकी कोणाची?

वसईजवळच्या नालासोपाऱ्याच्या आचोळ्यात नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात ४१ बेकायदा इमारतींवर हातोडा पडला. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या सुमारे ६० एकरांवर त्या उभ्या राहिल्या होत्या. बनावट कागद करून जागा विकल्याचा आरोप आहे. आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेली दोन हजारांवर कुटुंबं उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर रस्त्यावर आली. दारावर नावाची पाटी होती, वीजबिलही येत होतं. पायाखालची जमीन मात्र कधीच त्यांची नव्हती.

ख्रिस्ती धर्मचिंतनात असाच एक खटला दोन हजार वर्षं चालू आहे. दावेदार सैतान, आणि वादातली मालमत्ता म्हणजे हे जग.

आदामाला पृथ्वीवर अधिकार मिळाला आणि आज्ञाभंग करून त्यानं तो घालवला, असं उत्पत्तीच्या पुस्तकातून वाचलं जातं. मग तो गेला कोणाकडे? लूकच्या शुभवर्तमानात सैतान येशूला जगातली सगळी राज्यं दाखवतो आणि ती आपल्या हाती सोपवली गेल्याचं छातीठोकपणे सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशूही त्याला या जगाचा अधिकारी म्हणतो, पण तो आता बाहेर टाकला जाईल, हेही त्याच दमात सांगतो. दुसरीकडे, पृथ्वी परमेश्वराचीच आहे, हे २४व्या स्तोत्राचं ठाम म्हणणं. कब्जा एकाचा, सातबारा दुसऱ्याचा!

चौथ्या शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी यानं सैतानाचा ताबा जवळजवळ कायदेशीर मानला. माणसानं स्वतःला विकलं, म्हणून देवानं खंडणी दिली. ख्रिस्ताच्या मानवी देहाच्या आमिषात दैवी गळ लपवला आणि सैतान तो गिळून बसला. वसईतल्या पाचूबंदरच्या कोळ्याला ही युक्ती पटेलही. पण ग्रेगरीच्याच मित्राला, नाझियान्झसच्या ग्रेगरीला, ती खटकली: दरोडेखोराला खंडणी, आणि तीही खुद्द देवाची? पुढे १०९८च्या सुमारास धर्मपंडित अँसेल्मनं सैतानाचा हक्कच निकालात काढला. माणूस कर्जदार आहे तो देवाचा, असं त्याचं म्हणणं. १९९२ची कॅथलिक धर्मशिक्षणपुस्तिका मधला मार्ग धरते: आदिपापामुळे सैतानाचा माणसावर काहीसा अंमल बसला, पण माणूस स्वतंत्रच राहिला आणि सैतानाची शक्तीही अमर्याद नाही.

मराठीत ही कथा नवी नाही. जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं आणि आदामाचं पतन मराठी ओवीत आलं.

धर्मशिक्षणपुस्तिकेतलं ते ‘स्वतंत्र’ वसईत विसरून चालणार नाही. आजारपण, दारू, घरातलं भांडण, सगळ्याचं खापर सैतानावर फोडणाऱ्या प्रार्थनासभांना गर्दी होते. अंगातून भूत काढण्याबाबत खुद्द चर्चचा कायदा कडक आहे. बिशपांच्या खास परवानगीवाचून धर्मगुरूलाही तो विधी करता येत नाही. जमिनीच्या लुटीला मात्र सैतान लागत नाही. खोटा उतारा करायला आणि बांधकामाकडे डोळेझाक करायला माणसं पुरेशी असतात.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना हे नेमकं कळलं होतं. वसईचे हे धर्मगुरू प्रवचनापुरते उरले नाहीत; हरित वसई चळवळीतून ते बिल्डर आणि टँकरवाल्यांच्या विरोधात रस्त्यावर उतरले. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं तेव्हा या कामाचीही आठवण निघाली. जुलै २०२४मध्ये ते गेले. आचोळ्यातलं पाडकाम त्यानंतर चार महिन्यांनी सुरू झालं.

पुनरुत्थान रविवारच्या आदल्या रात्री चर्चमध्ये बाप्तिस्म्याची वचनं नव्यानं घेतली जातात. सैतानाचा आणि त्याच्या कृत्यांचा त्याग करता का, असं धर्मगुरू विचारतात आणि हाती मेणबत्ती घेतलेले भाविक होकार देतात. त्या रात्रीच्या प्रवचनात ही कृत्यं कोणती, ते वसईपुरतं सांगायला हरकत नसावी: बनावट उतारा, राखीव भूखंडावरचा मजला, आणि तो उभा राहू देणाऱ्याला पोहोचलेलं पाकीट.