मोटार जुळते, कंट्रोलर का जुळत नाही?

बोअरमधली मोटार जळाली की आपण काय करतो? चार गडी बोलावतो, चेनपुली लावून पाईप वर ओढतो, मोटार सोडवून तालुक्याच्या वायंडिंगवाल्याकडे नेतो. तो पहिला प्रश्न काय विचारतो? किती एचपीची, किती स्टेजची. कंपनी कोणती, हे तो शेवटी विचारतो, नाहीतर विचारतच नाही. तांब्याची तार भरतो, बुश बदलतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी चालू. पंप एका कंपनीचा आणि मोटार दुसऱ्या कंपनीची, असे जोड आपल्या गावोगावी वर्षानुवर्षे पाणी ओढत आहेत.

हे आपोआप झालेले नाही. किर्लोस्करवाडीला १९२६ साली सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. पुढे कोइमतूरला पंप-मोटारीचे कारखाने वाढले, गुजरात आणि मध्य प्रदेशातही उभे राहिले. स्पर्धा वाढली. पण त्याबरोबर भारतीय मानक संस्थेने मापे ठरवून दिली. पाणबुडी पंपसंचाला आय. एस. ८०३४ आणि मोटारीला आय. एस. ९२८३. चार इंची, सहा इंची बोअरची मापे ठरली, जोडणीही बरीचशी सारखी झाली. म्हणून कंपन्या कितीही भांडोत, शेतकऱ्याचे अडत नव्हते. एकाने भाव चढवला की आपण दुसऱ्याकडे जात होतो.

आता बघा सौर पंपाकडे. नवी वीजजोडणी मागायला गेले की हल्ली सौर पंपाचाच रस्ता दाखवला जातो. केंद्राची कुसुम योजना २०१९ साली आली. राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ साली आली. सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच एचपी, त्यावर साडेसात. पुरवठादार कंपनी यादीतून शेतकऱ्यानेच निवडायची. रातच्याला पाणी द्यायला जाणे नाही, विंचू-काट्याची भीती नाही, लाईट बिल नाही. योजना चांगली आहे, यात वाद नाही. ज्याच्या रानात ती नीट चालते तो शेतकरी तिला दुवाच देतो.

वाद आहे तो बिघाडाच्या दिवशी. अर्धापूरकडे माझे एक पाहुणे आहेत, केळीवाले. ऐन एप्रिलात त्यांचा कंट्रोलर बंद पडला. पॅनेल चांगले, मोटार चांगली, पंप चांगला. बंद पडली ती फक्त भिंतीवर टांगलेली ती पेटी. शेजारच्या रानात दुसऱ्या कंपनीचा तेवढ्याच एचपीचा संच होता. शेजारी भला माणूस, म्हणाला, दोन दिवस माझी पेटी लावून बघा. लावली, पण मोटार हललीसुद्धा नाही. तालुक्याचा मेकॅनिक आला, पेटी उघडून बघितली आणि म्हणाला, दादा, याची किल्ली माझ्याकडे नाही. कंपनीचा माणूस येईपर्यंत अकरा दिवस गेले. एप्रिलात केळीला अकरा दिवस पाणी नाही म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

असे का होते, ते समजून घ्या. सौर पंपात दोन जातीच्या मोटारी येतात. एक ए.सी., म्हणजे आपली ओळखीची थ्री फेज मोटार. दुसरी डी.सी. म्हणतात ती, जिच्या रोटरमध्ये कायमचे चुंबक असते. ही दुसरी कमी उन्हातही जास्त पाणी देते, हा तिचा गुण. पण ती चालवायला कंट्रोलरला त्या मोटारीची सगळी कुंडली ठाऊक लागते आणि ती कुंडली कंपनीने आपल्या पेटीत भरलेली असते. दुसऱ्याची पेटी तिला ओळखत नाही. ए.सी. मोटारीचे तसे नाही. एचपी, व्होल्ट आणि अँपिअर जुळले तर दुसऱ्या कंपनीचा ड्राईव्हही तिला चालवू शकतो. पण तिथेही मेख आहे. संचात पॅनेल थोडी असतात, म्हणून सौरची मोटार पुष्कळदा ४१५ व्होल्टऐवजी कमी व्होल्टवर गुंडाळलेली असते. दुकानातून नेहमीची मोटार आणून सोडली तर ती उठणार नाही. आणि वायंडिंगवाल्याने सवयीने ४१५ ची तार भरली तर पैसे पाण्यात.

ही गोष्ट फक्त आपल्याकडचीच आहे असे नाही. युरोपात डोंगरात चालवायच्या विजेच्या सायकली निघाल्या आहेत. तिथे बॉश, शिमानो, यामाहा अशा कंपन्यांची मोटारीवरून मोठी चुरस आहे. यातली बॉश म्हणजे आपल्या ट्रॅक्टरवाल्यांची जुनी ‘मायको’च. त्या सायकलीचा सांगाडा एका कंपनीच्या मोटारीसाठी बनवला की त्यात दुसरीची मोटार बसत नाही, बॅटरीही तिचीच लागते. ब्रोझ नावाच्या जर्मन कंपनीने सायकल मोटारीचा धंदा २०२५ साली यामाहाला विकला. धंदा कंपन्यांच्या हातात, पण ज्यांच्या सायकलीत जुनी मोटार आहे त्यांनी नव्या मालकाच्या तोंडाकडे बघायचे. पण तो झाला हौसेचा मामला. सायकल बंद पडली तर हौस बुडते. आपला पंप बंद पडला तर वर्षाचे पीक बुडते.

योजनेत पाच वर्षांची देखभाल आणि विमा आहे. त्या काळात कंपनी उशिरा का होईना, येते. खरा प्रश्न सहाव्या वर्षाचा. पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची असते, पेटीची नाही. ज्यांनी सुरुवातीला संच घेतले त्यांची मुदत संपत चालली आहे, काहींची संपलीही. तेव्हा ती कंपनी आपल्या जिल्ह्यात राहील का? नाही राहिली तर वीस वर्षे चालणाऱ्या पॅनेलखाली आपण बैल बांधायचे काय?

माझे म्हणणे साधे आहे. कंपन्यांची स्पर्धा हवीच. पण जी स्पर्धा खरेदीच्या दिवशी सुरू होते आणि त्याच दिवशी संपते, ती शेतकऱ्याच्या काय कामाची? शासन नव्वद टक्के पैसा देते, तर शासनाने अट घालावी. मोटारीची कुंडली छापील कागदावर शेतकऱ्याला द्यावी. मुदत संपल्यावर कंट्रोलरचा पासवर्ड त्याच्या हाती द्यावा. प्रत्येक जिल्ह्यात सुट्या भागांचा साठा दाखवल्याशिवाय कंपनीचे नाव यादीत येऊ नये. नांदेड-लातूरच्या आय. टी. आय. मध्ये या पेट्यांची दुरुस्ती शिकवावी. गावातल्या दहा पोरांना धंदा मिळेल आणि आपले अकरा दिवस वाचतील.

शासन करील तेव्हा करील. तोवर आपण काय करायचे? कंपनी निवडण्याआधी गावात फिरून बघा, कोणाचा माणूस किती दिवसांत येतो. मोटार ए.सी. आहे की डी.सी., किती व्होल्टची, हे विचारा. किती मीटर हेडचा पंप आहे ते आपल्या बोअरशी ताडून बघा. शंभर मीटर म्हणजे सुमारे ३३० फूट. औसा, निलंग्याकडे बोअर त्याहून खोल गेलेली आहेत. तिथे चुकीचा पंप घेतला तर दोष कंपनीचा नाही, आपलाच. बसवल्या दिवशी नेमप्लेटचा फोटो काढून ठेवा, कागद पेटीत जपा. तक्रार तोंडी करू नका, महावितरणकडे नोंदवा आणि नंबर लिहून ठेवा.

सरपंच आणि ग्रामसेवक साहेबांनाही एक विनंती. ग्रामपंचायतीत एक साधी वही घाला. कोणाच्या रानात कोणत्या कंपनीचा संच, कधी बसला, कधी बंद पडला, किती दिवसांनी चालू झाला. खर्च काही नाही. पण वर्षभराने ती वही ग्रामसभेत वाचली तर कोणती कंपनी कामाची, हे जाहिरातीपेक्षा जास्त कळेल. आणि ठराव करून ती वही वर पाठवली तर साहेबांनाही उत्तर द्यावे लागेल.

जुनी मोटार आपल्याला कळत होती, म्हणून ती आपली होती. नवी मोटार सूर्यावर चालते, चांगली गोष्ट आहे. पण सूर्य कोणत्या कंपनीचा नाही, मग त्याचे पाणी तरी एका कंपनीच्या कुलपात का असावे?