यादीबाहेरचा उतार

१८ जुलै २०२१ च्या पहाटे मुंबईतल्या चेंबूर आणि विक्रोळीत डोंगरउतारावरच्या घरांवर भिंत आणि दरड कोसळली. त्याच दिवशी भांडुपमध्येही भिंत पडून एका मुलाचा जीव गेला. दोन वर्षांनी रायगडातली इर्शाळवाडी गाडली गेली. ते गाव तर दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हते!

म्हणून या अंकात आम्ही विचारतो आहोत : धोका मोजायचा कसा? मुंबईतल्या खिंडीपाडा, हनुमान नगर या वस्त्यांत दरवर्षी पावसाळ्याआधी नोटिसा लागतात. पण कुठे जायचे, हे त्या सांगत नाहीत. उतार किती तीव्र, मुरूम किती सुटा, एवढ्यावर काम भागत नाही. घरासाठी पायथा कुठे कापला, सांडपाणी कुठे मुरते, संरक्षक भिंतीतली निचऱ्याची भोके बुजली आहेत का, हेही पाहायला हवे. भिंतीमागे साचलेले पाणीच तिला ढकलते. ही माहिती तिथे राहणाऱ्या बायामाणसांकडे आहे. पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी ती त्यांना विचारून नोंदवलीच पाहिजे.

वाचकहो, आपल्या गल्लीतल्या भिंतीला नवी भेग दिसली, झाड कलले, झऱ्याचे पाणी गढूळ झाले, तर वाट पाहू नका. घर सोडा, शेजाऱ्यांना उठवा आणि पालिकेच्या १९१६ क्रमांकावर कळवा.